मुक्याने भरवायचं

पत्र्याचा डबा आणि दांडकं तिने दादाच्या हातात कोंबलं.

“पिंजऱ्यात जायचं, डबा बडवायचा, तोंडाला येईल ते ओरडायचं. पिल्लं जन्मभर माणसाला घाबरली पाहिजेत.”

“दुसरं कुणी नाही का गं?”

“आहेत की. पण तुझ्याइतका लायक कोण मिळणार?”

सख्ख्या भावाने मान खाली घातली. तिला बरं वाटलं, अगदी पोटातून बरं वाटलं.

त्या मुलखातली गिधाडं जवळपास संपली होती. या प्राणिसंग्रहालयात अंडी उबवून, पिल्लं वाढवून ती पुन्हा रानात सोडत. तिच्या हातची पहिली गिधाडं आकाशात फिरताना बघून ती भर रस्त्यात रडली होती. आणि या शहाण्याने काय करावं? बिबट्याने शेळी नेली म्हणून मेलेल्या वासराला विष फासलं! बिबट्या फिरकलासुद्धा नाही. तिने सोडलेली गिधाडं उतरली आणि सगळीच्या सगळी तिथेच आडवी झाली. कोर्टाने दादाला शिक्षा म्हणून इथेच राबायला पाठवलं, तेव्हा तिनेच हट्ट धरला, याला माझ्या हाताखाली द्या. तो आल्यापासून ती त्याला घाण उपसायला लावत होती आणि वर सगळ्यांसमोर त्याचा उद्धार करत होती. आई फोनवर “पुरे कर गं आता” म्हणाली, तर तिने फोनच ठेवून दिला.

दादा आत शिरला. डबा दणादण वाजला आणि उडण्याजोगी झालेली पिल्लं फडफडत पार पलीकडच्या जाळीवर आदळली. बाहेर प्राणिसंग्रहालयाच्या डॉक्टरीणबाई खूश झाल्या. भीती अशी पक्की बसली की लवकरच त्यांना सोडता येणार होतं.

आता ओरडायचं होतं. पाखरांना काय शिव्या द्यायच्या, दादाला सुचेना. मग बहिणीकडून रोज ऐकलेल्याच तो ओरडू लागला.

“नालायका! करंट्या! तुझं कधी भलं व्हायचं नाही!”

घोळक्यातून एक पिल्लू बाहेर पडलं. पंख पाडून, टुणटुणत ते थेट दादाच्या पायांशी आलं आणि चोच वासून घास मागू लागलं.

दादाचा हात थांबला.

तिने ते पिल्लू ओळखलं. पिल्लांना पडद्याआडून, हातावर गिधाडाच्या तोंडाची बाहुली चढवून भरवतात आणि भरवताना चकार शब्द काढायचा नसतो. हे अशक्त पिल्लू तिने एकटीनेच जगवलं होतं. तेव्हा दादावरचा खटला चालू होता. त्या बंद खोलीत ऐकणारं कोण होतं? घासागणिक तिने याच शिव्यांनी भावावर तोंडसुख घेतलं होतं.

“हे आता कायमचं पिंजऱ्यात,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “सोडलं तर दिसेल त्या माणसामागे धावेल. भरवताना बोललं कोण?”

दादाने एकदा बहिणीकडे पाहिलं.

“माझंच काहीतरी चुकलं असेल, बाई. माझ्या ओरडण्याने बिथरलं असेल ते.”

तिने जाळी घट्ट धरली.

“मी बोलले,” ती म्हणाली.

आवाज ऐकताच पिल्लू दादाला सोडून वळलं आणि चोच वासून तिच्याकडे धावलं.