एकसष्टची रिकामी जागा

तालुक्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी कुरणावरच्या म्हाताऱ्यांच्या वयांच्या आयतालेखाचा कागद एलामानपुढे सरकवला आणि एका जागी बोट ठेवून त्या थांबल्या. साठचा आयत उंच होता, बासष्टचा त्याहून उंच, आणि मधे काहीच नव्हते. जणू दोन टेकड्यांमधली माती कोणी उपसून नेली होती. पुढे बहात्तर आणि चौऱ्याहत्तर यांच्यामध्येही तेच.

“घरी बसून आकडे भरलेस ना?” त्या म्हणाल्या. “निदान पाच-पाच वर्षांचे वर्ग तरी करायचे. मला पत्ताही लागला नसता.”

राजधानीत, फ्रुंझेच्या विद्यापीठात त्याला तसेच शिकवले होते. पण ओळखीच्या माणसांचे गठ्ठे बांधणे त्याच्या जिवावर आले होते, म्हणून त्याने एकेका वर्षाला वेगळा आयत दिला होता. हे त्याला सांगायचे होते. नेहमीप्रमाणे त्याने नुसती कागदाची घडी घातली.

शरदात डोळ्यांचे सर्जन आठवडाभर तालुक्याला येणार होते. कोणत्या कुरणाला किती खाटा द्यायच्या, हे तिथल्या म्हाताऱ्यांच्या वयांवरून ठरणार होते.

“शुक्रवारपर्यंत खरं चित्र आण,” बाई म्हणाल्या. “नाहीतर तुमच्या खाटा पलीकडच्या खोऱ्याला जातील.”

घोडा आपल्या मनाने सोन-कुल तळ्याकडची चढण चढत होता. एलामानच्या डोळ्यांपुढे वडील येत होते. कासिमालींच्या दोन्ही बाहुल्यांवर दुधावर धरावी तशी साय धरली होती. स्वतःच्या घोड्या ते आता मानेवरून हात फिरवून ओळखत. आणि तरीही ते म्हणत होते, “यंदा नको. पुढच्या वर्षी बघू.” पुढच्या वर्षी सर्जन येणार नव्हते. का नको, हे मुलाने विचारले नव्हते. त्या तंबूत आई गेल्यापासून प्रश्न विचारण्याची रीत मोडली होती.

शेजारची उल्कान आपा दारापुढे वेताच्या चटईवर कुरुत वाळत घालत होती. खारवलेल्या दह्याचे पांढरे गोळे उन्हात ओळीने बसले होते. कासिमाली बाजूला लोकरीच्या नमद्यावर बसले होते.

“काय म्हणाली ती?” त्यांनी विचारले.

“म्हणाली, आकडे खोटे आहेत.”

“मग तिलाच पाठव विचारायला,” उल्कान म्हणाली. “तू तर घोड्यावरून उतरायच्या आधी वय विचारत होतास. मला वाटलं, माझं लग्न जुळवतोयस.”

“दाखव बरं ते चित्र,” वडील म्हणाले.

“तुम्हाला कसं दाखवू, अताके?” शब्द निसटून गेल्यावर एलामानला ते बोचले. तो खाली बसला. वहीतल्या सारणीतल्या ताळ्याच्या खुणा वाचत त्याने एका माणसाला एक गोळा याप्रमाणे चटईवर कुरुताच्या ओळी मांडल्या. साठ वर्षांची ओळ, बासष्टची, त्रेसष्टची. मग वडिलांचा हात धरून पहिल्या ओळीवर ठेवला.

“हा नंतर सगळा उचलून द्यायचा हं,” उल्कान म्हणाली. “माणसं म्हणून काय फुकट?”

कासिमालींची बोटे साठच्या ओळीवरून वर चढली, खाली उतरली, आणि पुढच्या जागी नुसत्या वेतावर टेकली.

“इथे कोणी नाही?”

“ती एकसष्टची जागा.”

बोटे तिथेच राहिली. उल्कानने एक गोळा उगाचच दुसऱ्यांदा वळायला घेतला.

“गाईचं वर्ष आहे हे,” वडील हळूच म्हणाले.

तेव्हा एलामानला उमगले, आणि आपण परक्यासारखे या तंबूंतून हिंडलो याची त्याला लाज वाटली. बारा प्राण्यांच्या नावांची वर्षे फिरून जन्माचे वर्ष पुन्हा येते, ते मुचोलचे वर्ष; आईच्या पोटातले वर्ष धरून मोजले की एकसष्टावे, मग त्र्याहत्तरावे. ते दबकून काढायचे. शस्त्राला अंग दाखवायचे नाही, आणि आपण त्या वर्षात आहोत हे तोंडाने उच्चारायचे तर नाहीच. कोणी एक वर्ष मागे थांबते, कोणी एक वर्ष पुढे सरकते. लहानपणी त्याला हे ठाऊक होते. वसतिगृहातल्या हिवाळ्यांत ते कुठेतरी गळून पडले होते.

“तुम्ही मला बासष्ट सांगितलं होतं.”

“आणि तू लिहून घेतलंस. बापाचं वय, बापालाच विचारून.”

उल्कानला हसू आवरेना. कासिमालींनी बासष्टच्या ओळीतून चाचपत एक गोळा उचलला. बराच वेळ तो मुठीत धरून ठेवला, मग रिकाम्या जागी ठेवला.

“हा मी,” ते म्हणाले. “आणि उल्कान, तू साठात काय करतेस? एका हिवाळ्यातले आपण. तुझ्या आईचं दूध प्यालोय मी.”

“बायकांना एखादं वर्ष माफ असतं.”

“ठेव.”

तिने झग्याला हात पुसले, साठच्या ओळीतला एक गोळा उचलला आणि त्यांच्या गोळ्याला अगदी खेटून ठेवला. “मग पलीकडच्या तंबूतल्या मोल्दोकुललाही आण इकडे. तोही गाईचाच. आणि त्याची मेहुणी. तिने तर सगळ्यांत लांब उडी मारलीय, त्रेसष्टात जाऊन बसलीय.”

साठ आणि बासष्टच्या ओळी खचत गेल्या, मधली वाढत गेली. कासिमालींनी पुन्हा हात फिरवला. आता बोटे कुठेच खड्ड्यात पडली नाहीत. टेकडीच्या उतारावरून यावीत तशी सलग खाली आली.

“एवढे आहोत?” त्यांनी विचारले. “मला वाटायचं, यंदा मी एकटाच घाबरलोय.”

तळ्यावरून गार वारा आला.

“बहात्तर-चौऱ्याहत्तरवाल्यांकडे उद्या मी येते तुझ्याबरोबर,” उल्कान एलामानला म्हणाली. “आधी चहा प्यायचा, मग कोंबडं-कुत्रं कुठलं वर्ष ते विचारायचं. वयाचं नाव काढायचं नाही.”

“आणि मोल्दोकुलला विचारा, खाटेवर झोपणार का,” वडील म्हणाले. “तो येत असेल तर मीही येतो.”

“आणि तो नाही म्हणाला तर?” एलामानने विचारले.

कासिमालींनी थोडा विचार केला. “तर त्याला सांगा, मी येतोय. मग तो मागे राहायचा नाही.”

एलामानने कोरा कागद गुडघ्यावर घेतला. ऊन उतरत होते आणि शेळ्या तंबूंकडे परतत होत्या. त्यातली एक चटईच्या दिशेने मान लांबवत निघाली होती.

“तू लिही,” वडील म्हणाले, आणि खुरांची चाहूल ऐकून एकसष्टच्या ओळीवर आडवा हात धरून बसले.