घट्ट बसणारं हेल्मेट

श्यामकांतला शांत म्हणणारा माणूस अख्ख्या मालाडमध्ये सापडला नसता. दिवसभर कचेरीत साहेबापुढे मान खाली, आणि मोटरसायकलवर बसला की अंगात यायचं. घराजवळच्या घोडबंदर रोडच्या सरळ पट्ट्यावर दोघांनी एकदम सुटायचं, टोकाच्या चिंचेच्या झाडापाशी आधी पोचेल तो जिंकला, अशी तिथल्या मोटरसायकलवाल्यांची शर्यत. मागच्या खेपेला जोगेश्वरीच्या चंद्रप्रकाशनं त्याला हरवलं आणि वर दात काढले. श्यामकांतनं त्यातला एक तिथंच पाडला.

"पुढच्या महिन्यात ये रे, बघतोच तुला," चंद्रप्रकाश रक्त थुंकत म्हणाला.

सुहासिनीनं नवऱ्याला अडवलं नाही. अडवून उपयोग नव्हता. तिनं एवढंच बजावलं, की हेल्मेटशिवाय जायचं नाही. दोघं चोरबाजारात गेली. त्याला लाल, ऐटबाज हेल्मेट आवडलं. तिनं ते त्याच्या डोक्यावर ठेवून हलवलं, तर गरगर फिरलं. मग तिनं कानांवर कातडं असलेलं पांढरं निवडलं. त्याच्या दाट केसांवर ते दाबून बसवावं लागलं.

"हेच घ्या. डोक्याबरोबर हललं पाहिजे, डोक्यावर नाही," ती म्हणाली. त्यालाही पटलं. त्या दिवशी तिचा जीव भांड्यात पडला.

पण पंधरवड्यात भाऊ, म्हणजे श्यामकांतचे वडील, झोपेतच गेले. थोरला मुलगा, त्यानं डोक्याचा गोटा केला. शर्यत काही पुढे ढकलली नाही. घाबरला म्हणतील ना! त्या सकाळी हेल्मेट घातलं, तर ते थेट भुवयांवर उतरलं.

सुहासिनीनं हे आधीच ताडलं होतं. भाऊंच्या जुन्या धोतरात कापूस भरून तिनं आत बसवायला गादी शिवली होती. गादी मुठीत घेऊन ती म्हणाली, "अहो, वडील जाऊन महिनाही झाला नाही. आज नका ना जाऊ."

त्यानं फाडकन मुस्काटात मारली. ती भिंतीवर आदळली. गादी मुठीतच राहिली. जाऊ दे, फुटू दे ते डोकं, असं तिला त्या क्षणी खरोखर वाटलं.

तो गेल्यावर मात्र ती अनवाणीच रस्त्याकडे धावली. दोन्ही गाड्या सुटल्या होत्या. चिंच जवळ आली तशी चंद्रप्रकाशनं शेजारून लाथ घातली, श्यामकांतनंही उलट हाणली. त्या हिसक्यात हेल्मेट डोळ्यांवर आलं. ते वर सारायला त्यानं एक हात सोडला, हँडल फिरलं आणि गाडी चिंचेवर फुटली. हेल्मेट उडून गवतात पडलं, त्यावर ओरखडासुद्धा नव्हता. गोट्याला मात्र कपाळापासून चीर गेली होती.

सुहासिनीनं गादी जखमेवर गच्च दाबली. धोतराचा काठ लाल झाला. श्यामकांतनं एक डोळा कसाबसा उघडला, तो काठ ओळखला.

"ही कधी शिवलीस?"

"काल."

"मग दिली का नाहीस?"

तिच्या गालावर त्याची बोटं अजून उमटलेली होती.