हिरवा डगला

अंडी खाऊन शहरात माणसं आजारी पडली, त्यात माझी भाची. कुठलंच औषध लागू पडेना. डॉक्टर म्हणाले, जंतू नेमका कुठला ते लवकर कळलं तर वाचेल. ताईने माझा हात धरला, "तू सरकारी तपासनीस ना? मग शोध की."

माग एका मोठ्या पोल्ट्रीपर्यंत गेला. पण आमच्या साहेबांचा हट्ट, आधी नोटीस द्यायची. म्हणजे चोराला कळवायचं, येतोय हं, आवरून ठेव. मी तसं तोंडावर बोलले. साहेब हसले आणि नोटीस गेली.

शेडमध्ये शिरले तर हजारो कोंबड्या आणि आवाज म्हणून नाही. जमिनीवर अंथरलेलं भाताचं तूसही कोरं करकरीत.

"बघा मॅडम, एकीने तरी मान टाकलीय का?" मालक म्हणाला.

नमुना घ्यायची आमची रीत साधी. बुटांवर कापडी मोजे चढवायचे आणि शेडभर चालायचं. मोज्यांना लागेल ते प्रयोगशाळेत. मी चालू लागले, तेवढ्यात निळ्या कपड्यातला कामगार दाणा घेऊन आला, आणि अख्खी शेड पलीकडच्या भिंतीवर जाऊन आदळली.

"रोज दाणा देणाऱ्याला घाबरतात होय?"

"कोंबडीच ती, तिला कसली अक्कल," मालक पुटपुटला.

अक्कल नसेल, पण पिल्लू असल्यापासून ज्या रंगाच्या कपड्यात माणूस दिसतो, तो रंग कोंबडी विसरत नाही. म्हणजे या इथल्या नव्हत्याच. आजारी कोंबड्या जंतूसकट गायब केल्या होत्या.

मग त्या परत फिरल्या. माझ्याकडे. हळूहळू सगळ्या येऊन बुटांना खेटल्या, माना वर करून. माझ्या अंगावर खात्याचा हिरवा डगला होता. कोंबड्या पाळताना तो रंग फक्त आमच्या सरकारी पैदास केंद्रात घालतात, आणि तिथली कोंबडी साहेबांच्या हुकमाशिवाय बाहेर पडत नाही. कुंपणच शेत खात होतं.

फोन वाजला. साहेबच होते.

"सगळं स्वच्छ आहे ना, बाई?"

मी बुटांवरच्या मोज्यांकडे पाहिलं.

"तुमच्या भाचीचं कळलं मला. जंतू कुठला, औषध कुठलं, दोन्ही सांगतो. अहवाल तेवढा नीट लिहा."

भाचीबद्दल मी ऑफिसात चकार शब्द काढला नव्हता. कोंबड्या माझ्या तोंडाकडे बघत दाण्याची वाट पाहत होत्या.

"सांगा," मी म्हणाले.