खालून नमस्कार

डेपोत नवा ड्रायव्हर आला की पहिल्याच दिवशी त्याच्यावर पैज लागायची. किती आठवडे टिकेल, एवढाच प्रश्न. हरणाऱ्याने सगळ्यांना चहा पाजायचा. नवी आली तेव्हा बारक्याने तीन आठवडे सांगितले, मुकादमाने चार. उस्तादांनी तिच्याकडे एकदा पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि सहा सांगितले.

"सहा कशाला?" बारक्याने विचारलं.

"बूट बरे घातलेत," उस्ताद म्हणाले.

उस्ताद डेपोतले सर्वांत जुने. एकोणीस वर्षं पार्सलं वाटून त्यांच्या दोन्ही गुडघ्यांची वाट लागली होती आणि माणसांविषयी फार काही चांगलं बोलायचं त्यांनी सोडून दिलं होतं. बारक्या त्यांच्याहून आठ वर्षांनी धाकटा, वजनाने शंभरी गाठलेला, म्हणून बारक्या. दोघं रोज सकाळी डेपोच्या पायरीवर बसून चहा पीत आणि नोकरीच्या नावाने बोटं मोडत. इतकी वर्षं एकत्र चहा पिऊनही एकाने दुसऱ्याचं घर पाहिलेलं नव्हतं. दिवसभर लोकांच्या दारांत उभं राहिल्यावर आणखी एका दारात जायची हौस कोणाला असणार?

नवीला तीन दिवस गाडीवर शिकवायचं काम मुकादमाने उस्तादांच्या गळ्यात घातलं. ती पस्तिशीची. आधी बारा वर्षं शिलाईच्या कारखान्यात, बिनखिडकीच्या खोलीत, नुसत्या कॉलर शिवत होती. त्यामुळे तिला इथलं सगळंच भारी वाटायचं. गाडीची काच खाली करता येते, हे भारी. सिग्नलला थांबलं की झाडं दिसतात, हेही भारी.

"आणि उस्ताद, दार उघडलं की माणसं हसतात हो," ती पहिल्या दिवशी म्हणाली. "कारखान्यात बारा वर्षांत मला बघून कोणी हसलं नाही."

"पार्सल बघून हसतात ती. तुला बघून नाही," उस्ताद म्हणाले. "आणि पहिल्या महिन्यातच दिसतं ते हसू. नंतर मुकादमाचा आकडा दिसतो. दिवसाला एकशे वीस दारं."

तिच्याकडे एक छोटी वही होती. कुठल्या दाराची बेल कशी आहे, ते ती त्यात लिहून ठेवायची. कुठली बंद, कुठली जोरात दाबावी लागते, कुठे कडीच वाजवायची. उस्तादांना आधी हसू आलं, मग चीड आली. चीड का आली, ते त्यांना सांगता आलं नसतं. पहिलं वर्षभर त्यांच्याही खिशात अशीच वही होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी गाडी एका पिवळ्या इमारतीखाली थांबली. पार्सल चौथ्या मजल्यावर, इमारतीला लिफ्ट नाही. नवी पार्सल घेऊन उतरायला लागली तसं उस्तादांनी तिचा दंड धरला.

"बस. आता खरी विद्या शिक."

त्यांनी फोन काढून दाखवला. पार्सल दिलं की हिरवं बटण दाबायचं. 'घरी कोणी नाही' असं असेल तर लाल. लाल बटण उगाच कुठूनही दाबता येत नाही. फोन त्या इमारतीपाशी दोन मिनिटं असावा लागतो. म्हणजे मग गाडीत बसून दोन मिनिटं काढायची आणि लाल दाबायचं. वर जायला नको, यायला नको. पार्सल उद्यावर जातं, उद्या दुसऱ्याची पाळी असली तर त्याच्यावर जातं. तीनदा लाल झालं की पाठवणाऱ्याकडे परत. डेपोत याला 'खालून नमस्कार' म्हणत.

"पण वरती माणूस असला तर?" नवीने विचारलं.

"असतोच. त्याला उद्या भेटेल."

"आणि उद्याही कोणी खालूनच नमस्कार केला तर?"

"तू आकडा पुरा करणार आहेस की लोकांचं कल्याण?" उस्ताद खेकसले. "दिवसाला अशी सहा-सात दारं सोडलीस तरच वेळेत घरी जाशील. आम्ही काही हौसेने नाही शिकलो हे."

ते खरंच होतं.  पण नवी 'आलेच' म्हणून उतरली आणि गेली वर. सात मिनिटांनी धापा टाकत खाली आली. वर एक आजोबा होते म्हणे. पार्सल हातात घेऊन दोनदा विचारत होते, खरंच माझंच आहे ना? उस्तादांनी गाडी सुरू केली. पिवळ्या इमारतीतल्या आजोबांना त्यांनी गेल्या दोन वर्षांत पाहिलेलं नव्हतं, पण हे काही ते बोलले नाहीत.

त्या संध्याकाळी उस्ताद घरी पोचले तेव्हा बायको दाराला लागून खुर्ची टाकून बसली होती. तिचे डोळे सुजलेले होते.

बायकोला दोन वर्षांपासून कमी ऐकू येत होतं. आधी कुकरच्या शिट्ट्या हुकल्या, मग शेजारणीच्या हाका. लांब राहणाऱ्या मुलीचा रविवारी फोन आला की ती "हो, हो" म्हणायची आणि "तुझ्या बाबांशी बोल" म्हणून फोन उस्तादांच्या हातात द्यायची. मुलगी काय म्हणाली, ते मग उस्ताद ओरडून सांगत. दोन महिन्यांपूर्वी तिच्या कानाचं माप घेऊन यंत्र बनवायला टाकलं होतं. ते या आठवड्यात घरी यायचं होतं. तिने शेजारणीला सांगितलं होतं, मुलीला कळवलं होतं, कॅलेंडरवर खूणसुद्धा केली होती.

काल तिच्या फोनवर निरोप आला होता. 'आम्ही आलो, घरी कोणी नव्हतं.' ती म्हणाली, मी भांडी घासत होते, बेल ऐकू आली नसेल. म्हणून आज ती सकाळपासून दाराला लागून बसली. जेवलीही तिथेच. आणि दुपारी पुन्हा तोच निरोप. उद्या तिसऱ्यांदा नाही भेटलं तर पार्सल परत जाणार होतं, आणि मग पुन्हा दोन महिने.

"दाराशी बसले होते हो मी," ती रडवेल्या आवाजात म्हणाली. "बेल डोक्यावर वाजली असेल आणि मला पत्ता नाही. कान पार गेले माझे. आता यंत्र येऊन तरी काय उपयोग?"

उस्ताद चपला काढता काढता थांबले. चौथा मजला. लिफ्ट नाही. हा भाग बारक्याच्या फेरीत येतो. पार्सलवरचं नाव कोणी वाचत नाही, नंबर वाचतात. बेल वाजली असती तर त्या खुर्चीत बसलेल्या कोणालाही हादरा बसला असता. बेल वाजलीच नव्हती. हे सगळं त्यांना एका क्षणात कळलं. सांगायचं तर स्वतःचंही सांगावं लागणार होतं.

"उद्या मिळेल," ते मोठ्याने म्हणाले. "मी बघतो."

सकाळी ते नेहमीपेक्षा लवकर निघाले. बारक्याला बाजूला घेऊन सांगायचं, बाबा रे, ते चौथ्या मजल्याचं घर माझं आहे, आजच्या दिवस चढ. डेपोभर हसं झालं तरी चालेल. पण पायरीवर बारक्या नव्हताच. त्याची पाठ धरली होती.

"मग त्याची फेरी?"

"नवीला दिली," मुकादम म्हणाला. "दोन दिवसांत तुम्ही तयार केलीत म्हणून म्हटलं, तिसरा दिवस कशाला वाया घालवा. अर्धा तास झाला तिला निघून."

उस्तादांनी तिला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. गाडी चालवताना कोणाचाही फोन घ्यायचा नाही, अगदी माझा आला तरी नाही, असं पहिल्या दिवशी त्यांनीच बजावलं होतं. तेवढं बरं लक्षात राहिलं हिच्या! आणि हे राहिलं असेल तर लाल बटणही राहिलं असेल. तिचा पहिलाच एकटीचा दिवस, एकशे वीस दारं, मुकादमाचा डोळा. दुपारी चारपर्यंत कोणाचीही हिंमत खचते. उस्ताद दिवसभर आपली दारं वाटत राहिले आणि जन्मात पहिल्यांदा असं मनात म्हणत राहिले की आपलं शिकवणं वाया जावं.

सव्वाचारला फोन वाजला. उस्तादांनी गाडी कडेला घेतली.

"उस्ताद, रागावू नका," नवी हळू आवाजात बोलत होती. "तुम्ही सांगितलेलं लक्षात आहे. पण मी वर आले. चौथा मजला, डावीकडचं निळं दार. बेल चारदा वाजवली, कडी वाजवली. आतून मिक्सरचा आवाज येतोय, म्हणजे माणूस आहे. पण दार उघडत नाही. अजून पंधरा दारं राहिलीत माझी. दाबू का लाल?"

"दाबू नकोस!" उस्ताद एवढ्या जोरात ओरडले की रस्त्यावरच्या एकाने वळून पाहिलं. "ऐक. तुझ्या मागे भिंतीवर मीटरची पेटी आहे. आत चार खटके आहेत. दुसरा खटका बंद कर, थोडं थांब, पुन्हा चालू कर."

"लोकांची लाइट घालवू?"

"घालव म्हणतो ना! मिक्सर बंद पडला की ती बघायला बाहेर येईल."

खटक्याचा आवाज आला. मग बराच वेळ काहीच नाही. मग कडी निघाली आणि बायकोचा आवाज आला, "अगंबाई, तू कोण?"

"उस्ताद," नवी थोड्या वेळाने म्हणाली, "तुम्हाला हे कसं माहीत?"

"माझं घर आहे ते," उस्ताद म्हणाले आणि फोन ठेवून दिला.

संध्याकाळी बायकोच्या कानामागे ते बोटाच्या पेराएवढं यंत्र बसलं होतं. ती घरभर हिंडून नळ सोडून बघत होती, ताटावर चमचा वाजवत होती. मुलीला आपणहून फोन करून अर्धा तास बोलली होती. तिला असं बघून उस्तादांना इतकं बरं वाटलं की हा विषय इथेच मिटावा, असं त्यांनी मनोमन ठरवून टाकलं. जेवायला बसल्यावर तिनेच तो काढला.

"त्या पोरीने चारदा बेल वाजवली म्हणे. तुम्ही बघतो म्हणालात म्हणून मी आत कामाला लागले होते, मला कळलंच नाही. म्हणजे आधीचाही दोन्ही दिवस वाजवून गेला असणार. बिचारा चार जिने चढून आला आणि मी इथे बसूनही दार उघडलं नाही."

"कोणी चढलं नव्हतं," उस्ताद ताटात बघून पुटपुटले. दोन वर्षांत अशी कितीतरी वाक्यं ते ताटात पुटपुटले होते. तिच्यापर्यंत एकही पोचलं नव्हतं.

"कोणी चढलं नव्हतं म्हणजे?" बायकोने विचारलं.

उस्तादांनी मान वर केली. आता सुटका नव्हती. त्यांनी सांगितलं. दोन मिनिटं, लाल बटण, बारक्या, सगळं. सवयीने ते ओरडूनच बोलायला लागले होते.

"ओरडू नका," ती म्हणाली. "ऐकू येतंय मला. तुम्हीही असंच करता?"

"करतो," उस्ताद हळू म्हणाले. ओरडून सांगणं सोपं होतं, हे त्यांना तेव्हा कळलं.

"मी काल दिवसभर दाराशी बसले होते."

"माहितीये."

"त्या पोरीलाही हेच शिकवलंत?"

"शिकवलं. नाही शिकली ती."

 बायकोने ताटं उचलून आत ठेवली, हात पुसले आणि ती दार उघडून बाहेर गेली. दार मागे बंद झालं. रागावून शेजारी गेली असेल, असं उस्तादांना वाटलं.

तेवढ्यात बेल वाजली. लांब, खणखणीत. मग पुन्हा, मग आणखी एकदा. ती बाहेर उभी राहून स्वतःच्या दाराची बेल ऐकत होती. उस्ताद बसूनच राहिले.

"घरी आहात ना?" बाहेरून आवाज आला. "मग उठा की!"

उस्तादांनी गुडघ्यांवर हात टेकले आणि दार उघडायला उठले.