राउटरचं बारीक भोक

ही गोष्ट दोन हजार सतरा सालची. सून धाकट्या नातवाच्या जन्मापासून चार वर्षं नोकरी सोडून घरी होती आणि त्या मंगळवारी सकाळी अकराला कॉम्प्युटरवरून तिची नोकरीची मुलाखत होती. घरात मोबाइलला रेंज नव्हती. सगळी भिस्त नेटवर.

कॅमेऱ्यात पसारा दिसू नये म्हणून सासूबाई पहाटेपासून घर आवरत होत्या. पुसता पुसता हात राउटरवर गेला. मागे एक बारीक भोक, धुळीने बुजलेलं. त्यांचा अर्धा जन्म स्टोव्हपुढे गेलेला. भोक तुंबलं की पिन घालायची, हे हातालाच पाठ. त्यांनी सुई घातली आणि चांगली दाबून धरून भोक साफ केलं. सगळे दिवे विझले, पुन्हा लागले. एक मात्र लाल राहिला.

साडेदहाला सुनेने हाक मारली. "आई, नेट गेलंय."

मुलगा टॉवेल खांद्यावर टाकून आला आणि बायकोवर डाफरला. "काल रात्री तूच पासवर्डशी खेळत होतीस ना? नसत्या उचापती करायची खोडच आहे तुला."

"मी फक्त नवा पासवर्ड टाकला," सून म्हणाली, पण तिचा आवाज पडला.

सासूबाई स्वयंपाकघरात जाऊन घासलेलं पातेलं पुन्हा घासत बसल्या. येईल पाच मिनिटांत, मग कशाला सांगायचं?

मुलगा कामाला जाता जाता इंटरनेटवाल्याला सांगून गेला. इंटरनेटवाला आला तेव्हा सव्वाअकरा वाजून गेले होते. "राउटरमधलं सगळं सेटिंग पुसलं गेलंय वहिनी. मागच्या भोकातलं बटण दाबून धरल्याशिवाय असं होत नाही."

"बघा, काल पेन हातात धरून त्याच्या मागचा पासवर्ड उतरवत होते, माझ्याच हातून झालं असणार," सून म्हणाली.

त्याने त्या स्वच्छ कोरलेल्या भोकाकडे आणि मग सासूबाईंकडे पाहिलं. "आजी, पाणी मिळेल?" आत पेला घेताना तो हळूच म्हणाला, "माझ्या आईनेही केलं होतं. सांगून टाका."

"वेळ निघून गेली रे," त्या म्हणाल्या.

कंपनीने दुसरी वेळ दिली नाही. संध्याकाळी सून जवळ येऊन बसली. "तुम्ही एवढं घर आवरलंत आई, आणि मी सगळ्यावर पाणी फिरवलं."

"जाऊ दे गं," सासूबाई म्हणाल्या. एवढंच.

तीन वर्षांनी त्यांनी तिला खरं सांगितलं. सून बराच वेळ कपड्यांच्या घड्या करत राहिली. मग म्हणाली, "तेव्हाच सांगायचं होतं आई. मी तीन वर्षं स्वतःला बावळट समजत आले."

तोवर तिला एका शाळेच्या ऑफिसात काम मिळालं होतं. पगार त्या नोकरीच्या निम्मा. आज ती तिथली मुख्य कारकून आहे. इंटरनेटवाल्याने पुढे स्वतःचं दुकान काढलं. सासूबाईंनी ऐंशी ओलांडली. मुलाला मात्र कोणीच काही सांगितलं नाही. पाहुणे जमले की तो बायकोच्या पासवर्डचा किस्सा मीठमसाला लावून सांगतो. सगळे हसतात, सूनही हसते, आणि सासूबाईंकडे चुकूनही बघत नाही.