खडे चावणारा पंप

माझे बाबा पंप ऑपरेटर. शहराला पाणी चढवणाऱ्या जुन्या पंपघरात त्यांची एकतीस वर्षं गेली. चार मोठे पंप, चार मोटरी, लांबलचक हॉल आणि असा घणघणाट, की नवा माणूस पाच मिनिटांत कान दाबून बाहेर येतो. एखाद्या मोटरीचं बेअरिंग कुरकुरायला लागलं की बाबा जेवताना घास हातात धरून थांबत, मान तिरकी करत आणि म्हणत, "तीन नंबर. मागच्या बाजूचं." मेकॅनिक उघडून बघायचा, तर नेमकं तेच निघायचं. म्हणून पंपघरात त्यांना सगळे 'कानसेन' म्हणत.

मीही त्याच पाणी खात्यात, पण मुख्य कार्यालयात, प्रशिक्षण विभागात. विभाग म्हणजे तिसऱ्या मजल्यावरची पूर्वी कोऱ्या कागदांचे गठ्ठे ठेवायची खोली. दोन स्क्रीन, एक कॅमेरा, नीट न लागणारी खिडकी आणि मी. आमचे ऑपरेटर लांबलांबच्या पंपघरांत एकेकटे पाळी करतात. त्यांना प्रशिक्षणाला बोलवायचं तर पंप कोण चालवणार? म्हणून खात्याने ठरवलं, दर गुरुवारी सकाळी अकरा वाजता वेबिनार. बारा सत्रं, शेवटी परीक्षा, मग प्रमाणपत्र. निवृत्तीला दोन वर्षं उरलेल्यांनाही सूट नाही.

"पंप काय मोबाइलवर शिकायचा?" बाबा जेवताना म्हणाले. "उद्या म्हणाल, पलंगावर पडून पोहायला शिका."

"अहो, लेकीचंच काम आहे ते," आई म्हणाली. "तुम्हीच नाही गेलात तर तिचं काय राहील?"

"तेच तर. हजेरी ही घेणार आणि मी हिला 'हजर' म्हणायचं?"

पण ते आले. पहिल्या गुरुवारी एकशे ऐंशी चौकोनांत एक चौकोन त्यांचा होता. फोन ग्रीसच्या डब्याला टेकवलेला, त्यामुळे दिसत होतं फक्त कपाळ. बाकीच्यांचीही तीच तऱ्हा. कुणाचं छत दिसत होतं, कुणाची नाकपुडी, एकजण तर दाढी करत बसला होता. शिकवणारे सर म्हणजे पंपांवर आयुष्य घालवलेले इंजिनिअर, शांत आवाजाचे. त्यांच्या मागे एकशे ऐंशी पंपघरांचा गोंगाट सुरू झाला आणि मी एका बटणाने सगळ्यांचे माइक बंद केले. पुढे दर सत्रात माझं मुख्य काम तेच.

कपाळवाले माझे वडील आहेत हे मी कार्यालयात कुणाला सांगितलं नव्हतं. लोक म्हणतील, घरचा माणूस म्हणून सांभाळून घेते. हे कारण खरं होतं, पण पूर्ण खरं नव्हतं. सातवीनंतर शाळा सुटलेले बाबा परीक्षेत काय करतील, याची मला धास्ती होती. आणि थोडी लाजही. त्या लाजेची आज मला लाज वाटते.

तिसऱ्या सत्रानंतर दहा प्रश्नांची छोटी चाचणी झाली. बाबांचे तीन बरोबर आले. त्या संध्याकाळी ते गॅलरीत पाठमोरे बसून राहिले. मी खुर्ची ओढून शेजारी बसले.

"कॅव्हिटेशन म्हणजे काय गं?" त्यांनी न वळता विचारलं. "चार प्रश्न त्याचेच होते."

मी सरांची टिपणं काढली आणि वाचून दाखवली. पंपाच्या आत ओढ फार वाढली की पाण्यावरचा दाब घटतो, तिथे वाफेचे बुडबुडे होतात आणि पुढे दाब वाढला की ते फुटतात. फुटताना पंपाच्या पात्याला बारीक बारीक खड्डे पाडतात.

"आवाज कसा येतो?"

"खडी भरडल्यासारखा, असं लिहिलंय."

बाबा गर्रकन वळले. "अरे, म्हणजे पंप खडे चावतो ते! हे मला विचारतायत? मी पहिल्या वर्षापासून ऐकतोय." मग थांबून म्हणाले, "पण मला वाटायचं खरंच वाळू येत असेल. वाफ कशी? पाणी तर गार असतं."

"दाब कमी झाला की गार पाणीसुद्धा उकळतं, बाबा."

"गार पाणी उकळतं?"

त्यांच्या चेहऱ्यावर तेव्हा जे आलं ते मी आधी कधी पाहिलं नव्हतं. एकतीस वर्षं ज्याच्याशी रोज बोलत होतो, त्याचं मूळ गावच आपल्याला ठाऊक नव्हतं, असं काहीतरी. ते आत गेले, वही घेऊन आले आणि म्हणाले, "परत सांग. हळू सांग." त्यानंतर रोज संध्याकाळी आमची शिकवणी. पुस्तकातला एकेक शब्द मी सांगायची आणि ते त्यासमोर पंपघरातला शब्द लिहायचे. कुठे माझ्याकडे शब्द असायचा आणि त्यांच्याकडे आवाज, कुठे उलटं. आई म्हणायची, "वरण गार होतंय, ते उकळा आधी."

सातव्या सत्राची गोष्ट. सर मोटरीच्या तापमानाबद्दल सांगत होते. मध्येच खरखर सुरू झाली. कुणीतरी प्रश्न विचारायला माइक उघडला होता आणि तसाच सोडला होता. एरवी पंपाची एकसुरी घरघर आमचं सॉफ्टवेअर आपोआप गिळून टाकतं, पण हा आवाज तुटक होता, कडकड, मध्येच थांबून पुन्हा कडकड. 'माइक बंद करा' असे संदेश धडाधड येऊ लागले. मी चौकोन शोधला. दूरच्या एका पंपघरातली मुलगी होती, नोकरीला सहा महिनेही झालेले नव्हते. मी बटणावर बोट ठेवलं.

"मॅडम, थांबा!"

बाबांचा आवाज. ते मला पहिल्यांदाच 'मॅडम' म्हणाले होते, आणि तेही दोनशे लोकांदेखत.

"त्या ताईंचा माइक बंद करू नका. सर, माफ करा, मध्ये बोलतोय. ताई, तुमचा पंप खडे चावतोय. ऐकू येतंय का तुम्हाला?"

मुलगी गोंधळली. "काका, तो सकाळपासून असाच वाजतोय. मला वाटलं, जुना आहे म्हणून."

"जुना असला तरी असा वाजत नाही. फोन घेऊन पंपाजवळ जा. विहिरीत पाणी किती आहे?"

पावलांचा आवाज, दाराचा आवाज. "लाल खुणेच्या वर आहे काका."

"वर?" बाबांना ते अपेक्षित नव्हतं. आता दोनशे लोकांसमोर चुकतील, असंच माझ्या मनात आलं. सर काहीतरी बोलायला गेले आणि थांबले. त्यांनी हात बांधून घेतले आणि तेही ऐकू लागले.

"बरं. ओढीच्या पाइपवर गेज आहे बघा, पंपाच्या अलीकडे. काटा कुठे आहे?"

"पार टोकाला गेलाय. थरथरतोय."

"मग पाणी आहे, पण पंपाला मिळत नाहीये. पाइपच्या खालच्या तोंडाची जाळी तुंबलीये. घाबरू नका, पोरी. दुसरा पंप तयार आहे का? छान. आता या पंपाचा पुढचा वॉल्व्ह हळूहळू बंद करा. पुढचा, ओढीच्या बाजूचा नाही. एकेक फेरा. आणि फोन खिशात ठेवा, मला ऐकू येऊ दे."

चाक फिरत होतं तसा आवाज बदलत गेला. आधी कडकड, मग विरळ कडकड, मग नुसती घरघर. संदेश बंद झाले होते. दाढी करणाराही आज पुढे वाकून ऐकत होता.

"ऐकलंत?" बाबा म्हणाले, आणि आता ते सगळ्यांशीच बोलत होते. "पाणी कमी मागितलं की ओढ कमी झाली. ओढ कमी, म्हणून बुडबुडे कमी. वॉल्व्ह पूर्ण बंद झाला, ताई? आता लगेच मोटर बंद करा. आणि दुसरा पंप सुरू करा."

पंधरा मिनिटांनी मुलीने फोन जाळीवर धरला. तिच्या मदतीला आलेल्या माणसाने वर काढलेल्या जाळीला सिमेंटची रिकामी गोणी गुंडाळलेली होती, घट्ट, मफलर गुंडाळावा तशी. सर म्हणाले की आणखी दोन दिवस तसाच चालला असता तर पातं गेलं असतं आणि त्या भागाचं सगळं पाणी आठवडाभर एकाच पंपाच्या भरवशावर राहिलं असतं. मग त्यांनी विचारलं, "काका, हे तुम्ही कुठे शिकलात?"

"आवाज पंपघरात शिकलो," बाबा म्हणाले. "त्याचं कारण इथे शिकलो, गेल्या महिन्यात. कॅव्हिटेशन. चाचणीत मला आलं नव्हतं."

सरांनी दुसऱ्याच दिवशी मला फोन केला. दहावं सत्र त्या ऑपरेटर काकांनी घ्यावं, विषय एकच: कानाने पंप कसा ओळखायचा. "तुम्ही त्यांना ओळखता का?" त्यांनी विचारलं.

"हो सर. माझे बाबा आहेत."

ते हसून म्हणाले, "अहो, मग इतके दिवस लपवलंत कशाला?"

तीन आठवडे आमचं घर म्हणजे पंपघर झालं. बाबा पाळीवरून फोनमध्ये आवाज भरून आणायचे. चांगलं बेअरिंग, कोरडं बेअरिंग, सैल झालेला पायाचा बोल्ट, हवा शिरलेला पाइप. मी स्लाइड करायला बसले तर म्हणाले, "चित्रं नकोत. चित्र आलं की लोक बघतात, ऐकत नाहीत." तालमीत नवंच संकट निघालं. सॉफ्टवेअर आमचे सगळे आवाज गोंगाट समजून पुसून टाकत होतं. बाबा स्क्रीनवर तोंड हलवताना दिसत आणि पंपाच्या जागी शुद्ध शांतता. "तुझं यंत्र बहिरं आहे," ते म्हणाले. ती गाळणी कुठून बंद करायची हे शोधण्यात माझे दोन दिवस गेले. ती बंद झाली आणि माझ्या छोट्या खोलीत तीन नंबरची मोटर घुमली, तेव्हा शेजारच्या विभागातले लोक धावत आले.

त्या गुरुवारी बाबा इस्त्रीचा शर्ट घालून कार्यालयात आले. तीनशे चाळीस लोक जोडले गेले होते. इतर खात्यांतलेही होते. ओळख मला करून द्यायची होती. कागदावर 'ज्येष्ठ ऑपरेटर' वगैरे लिहिलं होतं. मी कागद बाजूला ठेवला. "आज शिकवणार आहेत ते एकतीस वर्षं पंपघरात आहेत," मी म्हणाले, "आणि ते माझे बाबा आहेत." माझा आवाज जरा फाटला. फाटू दे म्हटलं.

बाबांनी आवाज लावायचा, सगळ्यांना डोळे मिटायला सांगायचं आणि विचारायचं, काय झालंय? उत्तरं येत राहिली. चुकलेल्याला ते म्हणत, "जवळ आहात, परत ऐका." त्या दूरच्या पंपघरातल्या मुलीने सैल बोल्ट सगळ्यांच्या आधी ओळखला. "शाबास!" बाबा इतक्या जोरात म्हणाले की माइक किंचाळला. सरांनी एक प्रश्न विचारला, पाण्यात बुडवलेल्या पंपांबद्दल. बाबांनी कान खाजवला. "ते मी कधी चालवले नाहीत, सर. मला माहीत नाही. तुम्ही सांगा, मी लिहून घेतो." आणि खरंच, तीनशे चाळीस लोकांसमोर त्यांनी वही उघडली.

एक तासाचं सत्र पावणेदोन तास चाललं. त्यांची दोनची पाळी होती, म्हणून मीच शेवटी सगळ्यांचे आभार मानून थांबवलं. मी त्यांना सोडायला खाली आले. फाटकावरच्या पहारेकऱ्याने त्यांच्यापुढे नोंदवही सरकवली. आत येताना घाईत एक रकाना भरायचा राहिला होता, 'कामाचे स्वरूप'.

बाबांनी पेन उघडलं, थोडा विचार केला, आणि सातवी पास माणसाच्या सुबक, गोलाकार अक्षरात लिहिलं: शिकवणे.

मग घड्याळ बघून बसथांब्याकडे झपाझप चालायला लागले.