पहिली डिस्क

"ब्रेकवर पाय ठेवला का खालून ढुशा बसत्यात, निवृत्तीभाऊ! वासरावानी!" कारभारीकाका गाडीतून उतरता उतरताच ओरडले. दिंडोरीचे द्राक्षबागायतदार. दसऱ्याला घेतलेल्या पांढऱ्या मारुतीच्या बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक अजून दिसत होतं.

मी लेकीला कडेवर घेऊन शेडच्या दारात उभी होते. लोखंड कातायच्या लेथजवळ तान्हं मूल न्यायचं नाही, हा माझाच नियम. पण ह्यांचा चेहरा बघितला आणि पाऊल आत पडलंच. अंबडच्या या शेडमध्ये ह्यांनी आजवर अँबेसेडर, फियाट आणि जीपचे ब्रेक-ड्रमच कातले होते. ड्रमऐवजी डिस्क-ब्रेक असलेली गाडी दारात पहिल्यांदाच आली होती. "आता सगळ्या नव्या गाड्यांना हेच येणार," असं हे मला कधीपासून सांगत होते. "हे काम हाताला बसलं नाही तर शेडला कुलूप, आणि मी परत कंपनीत सलाम ठोकायला."

"वणीला जाऊन आलात का, काका?" चाक उतरवता उतरवता ह्यांनी विचारलं.

"मंग! नवी गाडी देवीला दाखवायला नको? घाट उतरलो आन् खालीच हापशावर चकाचक धुतली."

"तापलेल्या चाकांवर गार पाणी? डिस्क वाकली असणार."

"घरी बाया ओवाळायला उभ्या व्हत्या, भाऊ. धुळीची गाडी नेऊ का तिथं?"

हे हसले. डिस्क लेथवर बांधून त्यांनी वाकडेपणा दाखवणारी डायल लावली आणि डिस्क हाताने हळूच फिरवली. "अगं बघ, बघ! सुई कशी नाचतेय! इथंच वाकलीय!" आवाज एकदम शाळकरी पोरासारखा झाला होता. मी लांबूनच मान उंचावली. लेकीच्या नाकावर पदर धरला.

लेथ सुरू झाला, काळा भुगा उडू लागला. खालून चांदीसारखं लोखंड निघालं. फक्त तापून निळे पडलेले दोन-चार डाग हटेनात.

"त्यो डाग ऱ्हायला बघा!" काका बोट दाखवायचे.

"घेतो की!" हे अजून एक कट घ्यायचे. मग उलट्या बाजूनेही तसंच.

शेवटी डिस्क आरशासारखी लखलखली. डायलची सुई जागची हलेना. काकांनी चक्क शिट्टी मारली. मी लेकीचे दोन्ही हात धरून टाळ्या वाजवल्या.

मग ह्यांनी जाडी मापायचा मायक्रोमीटर उचलला. ड्रमला लोखंड भरपूर असतं. डाग जाईपर्यंत कातायचं आणि मग मापायचं, हीच हाताची सवय. एका जागी मापलं, दुसऱ्या जागी, मग तिसऱ्या. कमीत कमी जाडीचा आकडा डिस्कवरच ओतलेला होता. दोन पावलं पुढे होऊन तो मी वाचला तेव्हा हेही तिकडेच बघत होते.

"पातळ झाली," हे म्हणाले.

"किती?" काकांनी विचारलं.

"केसभर."

"बस्स? मंग चढवा की! परवा पोरीला बाळंतपणाला आणायला मुंबईला जायचंय."

"कसारा घाटानं?"

"दुसरा रस्ता हाय का?"

"घाटात तापली तर तडकेल, काका. चूक माझी. नवी मी मागवून देतो. तोवर ही गाडी घाटात न्यायची नाही."

"आवो, माझी जबाबदारी म्हणतोय ना मी! ढुशा गेल्या, लय झालं. साऱ्या दिंडोरीत सांगतो, मारुतीची डिस्क आमच्या निवृत्तीभाऊनं कातली!"

हेच तर ह्यांना ऐकायचं होतं. मी लेकीचं पाऊल मुठीत घट्ट धरलं.

मग ह्यांनी डिस्क ऐरणीवर ठेवली. छिन्नी घेतली, हातोडा घेतला.

"भाऊ! आवो, काय करताय!"

पहिल्याच घावाला त्या आरशावर खोल खाच पडली. आता ती कुणालाच चाकात बसवता येणार नव्हती. लेक दचकेल म्हणून मी तिला छातीशी ओढलं, पण तिला तो खेळच वाटला. खिदळून तिने दोन्ही हात पुढे केले. हे तिच्याकडे बघून हसले, डिस्क उलटी केली आणि दुसऱ्या बाजूवर छिन्नी टेकवली.